मागच्या दारचा अंधार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दिवाबत्ती विभागाचे प्रमुख, आदरणीय मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले, भाषण लांबलं की हळूच मनगटाकडे बघणारे लेखाधिकारी साहेब. ज्यांच्या गाडीची शिडी या गावातल्या प्रत्येक खांबाला टेकून आली आहे ते आपल्या सगळ्यांचे शिडीमामा. तक्रार खिडकीवरच्या ताई. समोर बसलेले सगळे वायरमन, मदतनीस, कारकून मंडळी, त्यांच्या घरून आलेल्या माझ्या मैत्रिणी. आणि मधल्या खुर्चीत परीक्षेला बसल्यासारखे बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे. सगळ्यांना माझा नमस्कार.

मघाशी माझं नाव पुकारताना 'आता वहिनी दोन शब्द बोलतील' असं सांगण्यात आलं. खरं सांगायचं तर माझं दोनच शब्दांत भागलं असतं. 'दिवा नको.' पण तेवढंच बोलून खाली बसले तर तुम्ही म्हणाल, बाईंना वळण नाही. म्हणून जरा सविस्तर बोलते. लेखाधिकारी साहेब, आत्तापासून घड्याळ बघू नका.

आपल्या विभागाची एक जुनी रीत आहे. जो निवृत्त होतो त्याच्या घराशी विभागातर्फे एक दिवा लागतो. मानाचा दिवा. सोबतचे लोक स्वतः येऊन खांब उभा करतात, आणि निरोपाच्या कार्यक्रमात साहेब कळ दाबतात. छान रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. आमच्या पुढच्या दारी रस्त्याचा दिवा आधीपासून आहे, म्हणून तुम्ही आमचा खांब मागच्या दारी, परसात उभा केलात. आता माझं बोलणं झालं की टेबलावरची ही दुरून चालणारी कळ साहेब दाबणार, आणि मागे पडद्यावर कॅमेऱ्यातून जे आमचं परस थेट दिसतंय ते लखलखून उठणार. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलंय. वहिनींना विचारलंय, असं मात्र कुठे छापलेलं नाही, कारण वहिनींना कुणी विचारलंच नाही.

तुम्ही म्हणाल, लोक दिव्यासाठी अर्ज करतात, ऑफिसच्या दारात येऊन भांडतात, आणि या बाईला फुकटचा दिवा टोचतोय! तर ऐका. मी उजेडाची वैरी नाही. माझी मुलगी क्लासवरून परत यायची ती पुढच्या रस्त्याच्या दिव्याखालून, आणि ती दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. उद्या तो पुढचा दिवा काढायला आलात तर मी खांबाला मिठी मारून उभी राहीन. आमचं भांडण फक्त मागच्या दाराचं आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, 'मुलगा दिवेलागणीला घराबाहेर पडणारा आहे. मन घट्ट करून ये.' मी तेव्हा हसले होते. बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी चपला काढतात, आमचे संध्याकाळी घालतात, हे पुढे समजलं. जेवण एकटीचं. मग भांडी घेऊन मागच्या दारी बसायचं, आणि घासता घासता वर बघायचं. सुरुवातीला मी आभाळाकडेसुद्धा रागानेच बघायचे. एकदा लक्षात आलं, महिन्यापूर्वी याच वेळी लिंबाच्या फांदीवर असलेला तारा आज भिंतीपलीकडे गेलाय. तो का गेला, कुठे गेला, हे शोधता शोधता राग कधी उतरला ते कळलं नाही. यांनी मला आपल्या संध्याकाळी दिल्या नाहीत, तेव्हा मी माझ्या माझ्या घेतल्या. हे आज चारचौघांत सांगते, कारण घरी सांगायला गेलं की नेमका फोन वाजतो आणि कुठेतरी दिवा गेलेला असतो.

पुढे मुलीने नवा मोबाइल घेतला आणि जुना माझ्या हातात आला. तिने दूर राहून फोनवरूनच मला शिकवलं. बादली उलटी घालायची, तिच्यावर वीट, विटेला टेकवून मोबाइल, बटण दाबायचं आणि श्वास रोखून बाजूला उभं राहायचं. पहिला धड फोटो आला तो कृत्तिकांचा. डोळ्यांना नुसता पुंजका दिसायचा, फोटोत एकेक तारा मोजता येत होता. मला राहवेना. हा दाखवायचा कुणाला? यांना? हे खांबावर. म्हणून मी तो आपल्या 'दिवेवाले परिवार' गटावर टाकला.

आणि मग सुटलेच. रात्री आभाळ, सकाळी परसातले किडे. मेलेल्या मुंग्यांची टरफलं पाठीवर रचून हिंडणारा एक किडा मला कुंडीमागे सापडला होता, आठवतो? भांडारवाल्या वहिनींनी लिहिलं होतं, 'सकाळी सकाळी हे काय? घास उतरेना घशाखाली.' पण दुसऱ्याच दिवशी त्यांनीच विचारलं, 'तो मुंग्यावाला काय म्हणतो?' काड्या तोडून त्यांची पिशवी अंगाभोवती विणणारी अळी टाकली, तेव्हा भांडारातून चौकशी झाली की हा माल कुणाच्या सहीने उचलला! पाठीवर गुलाबाच्या काट्यासारखा काटा असलेला एक इवलासा किडा होता, तो तर मी काटा समजून तोडायलाच गेले, आणि काटा उडून गेला.

एकदा मी बादली-वीट मांडून उभी असताना हे मध्येच टॉर्च घेऊन चपला शोधायला आले. फोटोत आडवा पांढरा फराटा. मी तो 'आमच्या घरचा धूमकेतू' म्हणून टाकला. गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला. मोठे साहेब, आपण तो वरच्या ऑफिसात पाठवलात, 'आमच्या कर्मचारी कुटुंबाने टिपलेला दुर्मीळ धूमकेतू' असं लिहून. मी आजवर बोलले नव्हते. तो धूमकेतू आज मधल्या खुर्चीत बसलाय, आणि त्याच्या चपला पलंगाखाली होत्या.

हसा, पण आता मुद्द्याचं ऐका. याच गटावर मी आमच्या परसातून काढलेला मृगाचा फोटो टाकला. तीन तारे एका ओळीत, खाली लिंबाची काळी फांदी. आपल्या लोकांनी त्यात काय पाहावं? सकाळी शिडीमामांची गाडी दारात. 'वहिनी, मागचा दिवा बंद आहे ना? फोटोवरून तक्रार नोंदवलीय.' मी म्हटलं, 'अहो मामा, मागे दिवा नाहीच.' मामांचा चेहरा असा पडला, जणू मी घरात अन्न नाही म्हणून सांगितलं. 'दिवा नाहीच? मग ही तर मोठी तक्रार झाली!' सगळ्या जगाने आभाळाचा फोटो बघितला असता तर तारे दिसले असते. फक्त आपल्या विभागाला त्यात खांबाची जागा दिसली. आणि मग तुमच्यात कुजबूज सुरू झाली, की वहिनी बिचाऱ्या रोज अंधाराचे फोटो टाकतात, तोंडाने मागत नाहीत, मनात मात्र आहे. या खांबाचा जन्म असा झालाय. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. माया आहे म्हणूनच तर नाही म्हणणं इतकं जड जातंय.

त्यानंतर मोठ्या साहेबांची सूचना आली. मला पाठ आहे. 'गटावर विषयाला धरूनच मजकूर टाकावा. किडे, अंधार इत्यादी टाळावे.' साहेब, त्या 'इत्यादी'त काय काय येतं ते मी पुष्कळ शोधलं. आणि त्याच संध्याकाळी मी एक भला मोठा पतंग टाकला, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेला. तुम्हाला राग आला असणार. यावा म्हणूनच टाकला होता.

कारण सूचना आली त्याच दुपारी मला तक्रार खिडकीवरच्या ताईंचा निरोप आला होता. ताई, सांगते हं. त्यांनी लिहिलं होतं, 'वहिनी, बंद करू नका. दिवसभर लोक फोनवर खेकसतात. तुमचा फोटो एवढीच एक गोष्ट अशी येते, जिच्यात कुणाला काही दुरुस्त करून नको असतं.' आता मला सांगा, हे वाचून मी गप्प बसायचं? इतका शहाणपणा माझ्या अंगात नाही.

आणि शिडीमामा. मामांनी एकदा गटावर न टाकता मला एकटीला फोटो पाठवला. बाजाराजवळच्या उंच दिव्याची काच पुसायला ते वर चढले होते. काचेतून निघालेलं सगळं तळहातावर घेऊन त्यांनी फोटो काढला. ओंजळभर मेलेले किडे. खाली लिहिलं होतं, 'यातले कोण ओळखीचे आहेत का?' होते. मामा, होते. तो पंखांवर डोळे असलेला पतंग होता. पुढे मी त्याची किती वाट बघितली, आमच्या परसात तो पुन्हा फिरकला नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि यांना काही सांगितलंही नाही. काय सांगणार? तो दिवा यांनीच लावला होता, आणि तो तिथे लागायलाच हवा होता. रात्री उशिरापर्यंत बाजारात बायका असतात. पण म्हणून सगळीकडेच लावायचा? भिंतीआड, जिथून कुणी जात नाही, येत नाही, जिथे एक बाई बादली उलटी घालून बसते, तिथेही?

गटावरचे कितीजण मला विचारतात, 'वहिनी, आमच्या गच्चीवरून असं का दिसत नाही?' कसं दिसेल? तुम्ही आपापल्या गच्च्यांसमोर स्वतःच्या हाताने दिवे लावलेत. माझ्या परसाएवढा तुकडा राहिलाय. तिथून रोज फोटो निघतो आणि तुमच्या सगळ्यांच्या घरी जातो. तो खांब पेटला की माझं जे जाईल ते जाईलच, पण तुमचाही रोजचा फोटो संपला. मानाच्या नावाखाली तुम्ही स्वतःच्याच घरातलं काहीतरी विझवायला निघाला आहात, आणि ते मी होऊ देणार नाही. माझ्या घरचा मान कशात आहे ते मी ठरवीन.

आता रीत मोडल्याचा ठपका मला नको. साहेब, भाषण संपायची वाट कशाला बघता? आत्ताच दाबा कळ. खरंच दाबा. मी रागावणार नाही.

दाबलीत? पडद्यावर बघा सगळ्यांनी.

पुन्हा दाबा, साहेब. जोर लावून काही होणार नाही, पण दाबा.

शिडीमामा, बसा. बसा म्हणते ना! गाडी काढू नका. खांब ठीक आहे, वायर ठीक आहे, तुमच्या कामात खोट नाही. खांबाच्या पेटीत फ्यूज नाहीये. तो माझ्या पर्समध्ये आहे. हा बघा.

माझ्याकडे असं काय बघता? मला फ्यूज काढता येतो होय? मला घरातला बल्बसुद्धा बदलता येत नाही. अहो, सांगू का? मान हलवा नाहीतर नाही म्हणा. हलवली. सगळ्यांनी बघितलंत ना, मग सांगते.

खांब उभा राहिला त्या दिवसापासून आमच्या घरात अबोला होता. हे म्हणायचे, 'विभागाचा मान आहे, नको कसं म्हणू?' मी म्हणायचे, 'मग मी म्हणते.' त्यापुढे शब्द नाही. आज दुपारी हे शेवटची सही करून घरी आले. कपडे न बदलता पेचकस घेतला आणि मागच्या दारी गेले. मला वाटलं, जोडणी तपासतायत, जाता जात नाही ती सवय. परत आले, हात धुतले, आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी हे ठेवलं. मी म्हटलं, 'हे काय?' तर म्हणाले, 'पर्समध्ये टाक. साहेब कळ दाबतील तेव्हा तू उभी असशील.'

ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत गावातला एक दिवा बंद राहू दिला नाही, तापात उठून गेला, मुलीच्या वाढदिवसाला उठून गेला, त्याने नोकरीच्या शेवटच्या दिवशी एक दिवा बंद केला. स्वतःच्या मानाचा. मला यांचा आजवर पुष्कळ राग आला आहे. आज अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

साहेबांनी मला इतका वेळ बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी निवांत ऐकून घेतलंत, शिडीमामांनी उन्हात उभं राहून तो खांब रोवला, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मानापानात उणं-अधिक झालं असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं आणि धाकट्यांनी हसून सोडून द्यावं. फ्यूजबद्दल मात्र मी माफी मागत नाही, आणि तो परतही मिळणार नाही. खांब उद्या घेऊन जा. ज्याच्या दारात खरोखर अंधाराची भीती आहे अशा कुणाच्या तरी दारी तो उभा करा. तिथली कळ दाबायला आम्ही दोघं येऊ. आमच्या मागच्या दारी मात्र कुणी काही लावायचं नाही.

नमस्कार.