भजनामागची चार मिनिटं

(आखाडा बाळापूर, २००२. शेषरावांचं कॅसेटचं दुकान. त्यांची बायको शकुबाई डबा घेऊन आलेली. गायक देविदास आत्ताच बसमधून उतरलाय.)

शेषराव : पयले हे सांग, पोलिस कुठं थांबवले? ष्ट्यांडवर?

देविदास : कसले पोलिस, काका?

शेषराव : तुहं गाणं तुला न इचारता भरत होतो म्या. आता तू कंपनीचा मानूस. पेपरात वाचलं, तुही निवडक गाणी एका सीडीत येऊन राहिली म्हणून.

देविदास : येतायत. बँड सोडल्यापासून एकट्यानं गायलेली, बारा. पण त्यातलं पहिलंच सापडत नाही. कंपनीनं मूळ टेप हरवली. आता म्हणतात, अकरात भागवा.

शेषराव : मंग भागव की!

देविदास : तेच गाणं नसेल तर काय उपयोग? काका, वसमतचा कार्यक्रम आठवतो? पुण्यात माझं कुणी ऐकत नव्हतं. ठरवलं होतं, हा शेवटचा. गिटार विकायची आणि तांड्यावर जाऊन शेती करायची. ते गाणं सुरू केलं, तर पुढं बसलेल्या म्हाताऱ्या टाळ्या धरून गायला लागल्या. शब्दन् शब्द पाठ! ड्रमवाला वाजवायचा थांबला.

शेषराव : भजनी मंडळाच्या बाया त्या.

देविदास : त्यांना माझं गाणं कुठून येतं, तेच मला कळेना.

शेषराव : आता काय लपवायचं? बाया भजनाची कॅसेट भरून न्यायच्या. भजन संपलं की मागं चार मिनिटं कोरी राहायची. कोरी दिली की गिऱ्हाईक म्हनतं, फसवलं. मंग तुहं गाणं टाकायचो. आपल्याकडचं लेकरू, म्हनलं, जाऊ दे चार घरात.

शकुबाई : पयल्या दिवशी मला वाटलं, टेपच बिघडला! नुसतं ढणाढणा. मंग भाकरी थापता थापता पाठ झालं.

देविदास : त्या दिवशी गिटार विकली नाही मी. तुमच्यामुळं, काका. पोलिस कसले आणता? पाया पडायला आलोय.

शेषराव : ऊठ, ऊठ. गिऱ्हाईक पाहून राहिलं ना!

देविदास : तुमच्याकडची कॅसेट आहे ना?

शेषराव : तिच्यावर लग्नाची गाणी भरली म्या. दोनदा. अक्कलच न्हाई मला. पन... हिची हाय.

शकुबाई : हाय. देनार न्हाई.

शेषराव : अवं, लेकरू मुंबईहून आलं...

शकुबाई : येऊ द्या. ते आमच्याच मंडळाचं भजन हाय, तुमीच देवळात भरलेलं. त्यात सासूबाईचा आवाज हाय. त्यायला जाऊन सात वर्सं झाली. दुसरीकडं कुठंच न्हाई तो.

देविदास : काकू, इथंच उतरवून घेतली असती. पण कॉपीची कॉपी चांगली येत नाही. मुंबईच्या मशीनवर हीच लावावी लागेल.

शकुबाई : अन मशीननं गिळली तर?

देविदास : गिळली तर... मी काहीच भरून देऊ शकणार नाही. राहू द्या, काकू. अकरा तर अकरा.

शेषराव : राग धरू नको, बाबा.

देविदास : राग कसला? त्यांच्या आवाजामागं मला चार मिनिटं जागा मिळाली. एवढे उपकार पुष्कळ झाले.

शकुबाई : थांब. ओ, देवाच्या फळीवरची काढा ती.

शेषराव : खरंच?

शकुबाई : तुमी भरताना त्याला इचारलं न्हाई. त्यानं न्यायला मला इचारलं. काढा. अन तू, पिशवीत न्हाई, वरच्या खिशात ठिव. बटन लाव.

देविदास : काकू, त्यांचा आवाजही सीडीवर उतरवून आणतो.

शकुबाई : आन. पन कॅसेटबी आन. पुढच्या गुरवारी भजन हाय.

देविदास : मीच घेऊन येतो. गिटारही आणू का?

शकुबाई : आन की. पयले भजन हू दे. मागं जागा उरतीच.