नाना काठावरच उभे होते

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे सतरंजीवर या, जागा आहे. काकी, तुम्ही खुर्चीवरच बसा.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. कशेळे-कर्जत रस्त्यावर जीप चालवणारा माणूस मी, दिवसभर "कर्जत, कर्जत, दोन सीट" ओरडायची सवय. पण काशिनाथनानांच्या हार घातलेल्या फोटोसमोर तसं ओरडून चालत नाही. तरी बोलणार. कारण एक खोटी गोष्ट तीन पावसाळे आपल्या गावात खरी म्हणून फिरतेय, आणि ती माझ्या नावावर आहे. आज ती सांगितली की माझी अब्रू जाईल. माझी बायको सुरेखा समोर बसलीय. तिलाही माहीत नाही.

आधी पाहुण्यांसाठी थोडं नानांबद्दल. नाना खोपोलीच्या एका कारखान्यात आग विझवणाऱ्या पथकात होते. रिटायर झाले, गावी आले, आणि दर रविवारी या पटांगणात पोरांना शिकवायला लागले. काय शिकवायचे? तर नदीत बुडणाऱ्याला कसं वाचवायचं. आणि पटांगणात पाण्याचा थेंब नाही. लोक हसायचे. मीही हसायचो. प्लॅस्टिकची खुर्ची मांडायची आणि तिच्यावर दोर फेकायचा. पन्नास वेळा. दोर खुर्चीच्या पलीकडे पडला पाहिजे, म्हणजे माणसाच्या खांद्यावर येतो. चुकला की गुंडाळा, पुन्हा फेका.

आणि तो पेंढ्याचा माणूस आठवतो ना? पोत्यात पेंढा भरून त्याला नानांचा कारखान्यातला निळा शर्ट घातलेला. त्याच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायचं, मोठ्यानं मोजत. आपल्याकडे बुडालेला माणूस बाहेर काढला की चार जण त्याचं पोट दाबायला बसतात, पाचवा त्याला उलटा करायला बघतो. नाना वैतागायचे. "पोट सोडा रं. तो काय पान्याची पखाल हाय? छाती धरा." काकी चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याच्या उरावर दर रविवारी गावची पोरं बसतात, आनी हे हौसेनं बसवून घेतात." काकी हसतायत बघा.

नानांचा नियम एकच. पाण्यात सगळ्यात शेवटी जायचं. आधी हाक, मग काठी, मग दोर. मी एकदा म्हणालो, "नाना, काठावर उभं राहायला वर्ग कशाला? मला पोहता येतं."

"तीच तर अडचण हाय, बबन," ते म्हणाले. "ज्याला पोहता येत नाय तो निदान इचार करतो."

मला राग आला. दोन रविवार मी आलोच नाही.

मग तो दिवस. कोंडाण्याची लेणी बघायला आलेल्या मुंबईच्या तीन पोरांनी माझी जीप ठरवली होती. नानाही होते, कोंडाण्याला भाचीकडे निघालेले. पिशवीत दोर. भाजी आणायला गेले तरी नानांच्या पिशवीत दोर असायचा. कोंडाण्याच्या अलीकडे, नदीच्या वळणावर पोरं पाय धुवायला उतरली. एक घसरला आणि धारेला लागला. बाकीचे दोघे मदत आणायला गावाकडे पळाले. नाना म्हणाले, "थांब रं." मी थांबलो नाही. शर्टासकट उडी मारली.

पोचलो. पोचल्यावर त्या पोरानं माझ्या गळ्याला मिठी मारली. मंडळी, बुडणाऱ्याची पकड काय असते ते गळ्याला बसल्याशिवाय कळत नाही. तो माझ्या खांद्यावर चढला, मी खाली गेलो. लहानपणापासून पोहणारा मी, पाणी पीत होतो. मला सुरेखा दिसली, आमची पोरगी दिसली. मी मेलो होतो, सरळ सांगतो.

तेवढ्यात खांद्यावर काहीतरी पडलं. दोर. पहिल्याच फेकीत, बरोबर खांद्यावर. मी धरला. नानांनी दुसरं टोक काठावरच्या उंबराला वळसा घालून धरलं होतं, आणि धारेनंच आम्हाला काठाला आणून लावलं. पोरगा ठीक होता. ओकत होतो मी. नानांनी मला कुशीवर वळवलं आणि पाठीवर हात फिरवत बसले.

कोंडाण्याचे लोक धावत आले. त्यांनी काय पाहिलं? मी ओलाचिंब. तो पोरगा रडत माझेच पाय धरतोय. आणि नाना कोरडे, बाजूला उभे राहून दोर गुंडाळतायत. मग वाचवलं कोणी? जो ओला होता त्यानं. झालं, मला खांद्यावर घेतलं. बातमी आपल्या गावात पोचली, आणि आठ दिवसांनी याच पटांगणात शाल, श्रीफळ, "बबनराव म्हणजे गावाचा वाघ". पहिल्या रांगेत नाना टाळ्या वाजवत होते. मंडळी, मला तोंड उघडता आलं असतं. मी शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "नाना, मी सगळ्यांना खरं सांगतो."

ते भाकरी खात होते. म्हणाले, "गप बस. आता सांगितलंस तर पोरं तुला हसतील. हसली की तू रविवारी येनार नायस. आनी मला तू पायजेस. बुडून आलेला मानूस दोर कधी इसरत नाय."

"मग कधी सांगू?"

"हसनं सोसवंल तवा सांग."

त्यानंतर मी एक रविवार चुकवला नाही. गेल्या वर्षी नानांचा हात वर जाईना, तर ते स्वतःच त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, "मार माझ्यावर." माझा पहिला दोर तोंडावर बसला, चष्मा उडाला. नाना म्हणाले, "मेलो मी. परत." असा माणूस. गेलेसुद्धा तसेच, दुपारी पोटभर जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फार आठवण येते हो त्यांची.

आता रविवारचा वर्ग माझ्याकडे आहे. येणाऱ्यांतले दोघं फार सुंदर पोहतात. माझ्यासारखेच. त्यांना कळलं पाहिजे, उडी मारून गावाच्या वाघाचं काय झालं होतं. म्हणून बोललो. सुरेखा, बाकीचं घरी गेल्यावर.

नाना, नमस्कार. आज सोसवेल.

मंडळी, मग आपण सगळे उभे राहू, नानांसाठी दोन मिनिटं गप्प. पण आधी हसून घ्या. पोरांनो, तुम्ही तर हसाच. रविवारी मी येणार आहे.