आठव्या दिवशीचे टाके

त्या मेव्हण्याचं नाव काढू नका माझ्याम्होरं! ऊस तोडताना कोयता पिंडरीत घुसला तवा श्रीरामपूरच्या डाक्टरनं नवाच दोरा घातला. म्हनला, "ह्यो आपुआप विरघळतो, टाके काढायला येऊ नका."

आठव्या दिशी मेव्हना घरी टपकला. "दाजी, आठव्या दिशी टाके काढायचेच असत्यात. डाक्टर सांगायला इसरला आसंल."

मी वरडतोय, "आरं, विरघळत्यात ते!"

"दोरा कवा विरघळतो व्हय? ती काय साखर हाय?"

बायकोनं माझा पाय दाबून धरला आन ह्यानं दाढीच्या पात्यानं टाके कापले. जखम उघडली, रगात थांबंना. टेम्पोत घालून परत श्रीरामपूर!

डाक्टर माझ्यावरच खेकसला, "टाके कुनी काढले?"

म्हनलं, "ह्यो उभा हाय न्हवं! सायेब, मला कोनचा बी दोरा घाला, पर आधी ह्याच्या तोंडाला टाके घाला. जुन्या दोऱ्याचे, न विरघळनारे!"