न सापडलेला जावई

कॉलेजप्रवेशाच्या रांगेत पुढे बापलेकीचं जुंपलं होतं. मागे मुलाच्या प्रवेशासाठी उभ्या असलेल्या शिंप्याला ऐकायचं नव्हतं. पण कान काही खिशात घालता येत नाहीत.

“बी.ए. झालीस, बास झालं. एम.ए. केलंस तर नवरा शिक्षणात कमी पडेल.”

“कुठला नवरा?”

“शोधतोय ना!”

“म्हणजे अजून सापडलाच नाही, तरी नापास?”

“त्याला काय वाटेल?”

“लहानपणापासून घरात त्याचंच चाललंय. मोठ्यानं हसू नकोस, त्याला आवडणार नाही. सायन्स घेऊ नकोस, तो बिचकेल. बाबा, माझं कधी विचारलंत?”

“हळू! लोक ऐकतायत.”

शिंपी छताकडे बघू लागला.

“पुढचे या!” खिडकीतून हाक आली.

“चल घरी.”

“तुम्ही व्हा पुढे. तो सापडला की सांगा, अभ्यासाला बस म्हणावं,” म्हणत तिनं कागद खिडकीत सरकवले.