उभा चौदा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे संपादकसाहेब, रविवारची पुरवणी सांभाळणाऱ्या बाई, छपाईखात्यातले माझे जुने सोबती, आणि ज्यांची हस्ताक्षरं मी ओळखतो पण चेहरे आज पहिल्यांदा पाहतोय असे समोर बसलेले सारे कोडेसोडवे, सर्वांना नमस्कार.

मला निरोप देताना संपादकसाहेब मघाशी म्हणाले, की सत्तावीस वर्षं या माणसाने दर रविवारी वाचकांचा छळ केला. टाळ्याही पडल्या. म्हणजे आरोप मान्य आहे.

ज्या पाहुण्यांना आमचं गूढ शब्दकोडं ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एक सांगतो. साध्या कोड्यात अर्थ विचारतात. आमच्यात शब्द फोडून लपवतात. ‘सोबतीला गंध आला, की एकत्र राहणं होतं’, चार अक्षरं. सोबत म्हणजे सह, गंध म्हणजे वास. सहवास. कळल्यावर सोपं असतं. कळेपर्यंत चहा गार होतो.

हे सूत्र सोडवायला आमच्या घरी तिला एक मिनिट लागलं होतं. ती म्हणजे माझी पत्नी. दर गुरुवारी संध्याकाळी, हातातलं शिवण बाजूला ठेवून, ती पेन्सिल घेऊन बसायची. अडली की चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, “हे तुम्हाला तरी सुटलं असतं का?” मी वाद घालायचो, आणि शुक्रवारी सकाळी मुकाट्याने सूत्र बदलून द्यायचो. अठरा वर्षं हे चाललं. सदरावर नाव मात्र माझं एकट्याचं. तिचं कधी छापलं नाही. ते माझ्याकडून राहिलं, आणि आज ते मागून सांगतोय.

नऊ वर्षांपूर्वी ती गेली. अकरा दिवसांचं आजारपण. कचेरीतले तुम्ही पुष्कळजण भेटायला आला होतात, त्याचे आभार मानायचेही तेव्हा राहिले. त्यानंतरचं पहिलं कोडं मी केलं आणि कोणाला न दाखवता थेट पाठवून दिलं. दाखवणार कोणाला?

त्या कोड्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी आधी कधीच आली नव्हती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कोडं कापून, लाल शाईने तपासून परत पाठवलं. खाली शेरा होता, ‘छत्तीसपैकी अकरा सुटली. दोष विद्यार्थ्याचा नाही.’ एका गृहिणीने कळवलं, की तिने तो कागद कपाटाच्या फळीवर अंथरला आहे. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकत्र सोडवायचे, ते एका सूत्रावरून दोन दिवस बोलत नव्हते. आणि एका शल्यचिकित्सकांनी लिहिलं, ‘दहा वर्षांतलं सर्वोत्तम कोडं. आता हीच पातळी ठेवा.’

खरं सांगू? शिव्यांचं काही वाटलं नाही. ती शाबासकी मात्र फार लागली. तिच्यावाचून केलेलं पहिलं कोडं, आणि तेच सर्वोत्तम.

संपादकसाहेबांनी बोलावून घेतलं. हे साहेब नव्हेत, त्यांच्या आधीचे. म्हणाले, “लोकांना रविवारी जरा हुशार वाटू द्या हो.” त्यांचं चुकलं नव्हतं. मी राजीनामा लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवला. सोमवारी द्यायचा होता.

गुरुवारी एक पोस्टकार्ड आलं. दोनच वाक्यं. ‘उभा चौदा सुटला. घरातलं कोण गेलं?’ खाली पत्ता.

उभ्या चौदाचं, म्हणजे उभ्या शब्दांतल्या चौदा क्रमांकाचं, सूत्र होतं, ‘एकाचा शेवट झाला, की मागे राहणाऱ्याच्या वाट्याला येतो’, तीन अक्षरं. एक आणि अंत. एकांत. मंडळी, हे सूत्र लिहिताना मला स्वतःला त्यात काही दिसलं नव्हतं. अक्षरं जुळली म्हणून लिहिलं. ते कार्ड मी खिशात ठेवलं.

शनिवारी दुपारी पत्ता शोधत गेलो. दुसरा मजला, एक खोली, खिडकीशी घड्याळदुरुस्तीचं टेबल. दार उघडणारा माणूस माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी कोण ते सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“बायको.”

“किती दिवस झाले?”

“चोवीस.”

“माझी बहीण. आम्ही दोघंच होतो. सहा वर्षं झाली.”

मग त्यांनी चहा केला. निघताना मी धीर करून विचारलं, “छापायच्या आधी कोडं तुम्हाला दाखवत जाऊ का? कुठे अडतं तेवढं सांगा.”

ते म्हणाले, “मग रविवारी मी काय करू?”

घरी आलो आणि राजीनामा फाडला. त्या दिवसापासून मी कोडं करून तीन आठवडे बाजूला ठेवू लागलो, विसरायला. मग परक्यासारखं सोडवायला बसायचं. जिथे अडेन तिथे बदलायचं. मुख्याध्यापकांचं पुढे पत्र आलं, ‘प्रगती आहे.’ बाहेरून सगळं पूर्ववत झालं. घरात गुरुवारची संध्याकाळ काही भरली नाही. त्याची सवयही झाली नाही.

आज घड्याळजी इथे नाहीत. बोलावलं होतं. गर्दीत ऐकू येत नाही म्हणाले. मीच परवा जाऊन विचारलं, “पुढच्या रविवारपासून माझ्या जागी नव्या आलेल्या बाईंचं कोडं येणार. मीही सोडवणारच आहे. तुमच्याकडे येऊन बसू का?”

ते म्हणाले, “या. पण अंक आपापला. आणि आधी सुटलं तरी बोलायचं नाही.”

मी हो म्हणालो.

आपण सर्वांनी एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, आज वेळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. सत्तावीस वर्षांत काही सूत्रं चुकली, कोणाची झोप मोडली, आणि आज बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर ते सगळं पदरात घ्या. नमस्कार.