रजिस्टरमध्ये एक लिहिताना

मी दचकते म्हणून हसता ना, मग हे ऐका.

सुरतेत, कतारगामच्या कारखान्यात हिरे कापायच्या मशीनची मोटर माझ्या प्रोग्रामने फिरवायची होती. त्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मोटर सांभाळणारा 'ड्रायव्हर' प्रोग्राम लिहायचा माझा विचार होता. आमचे सिनियर हितेशभाई म्हणाले, "अरे बेन, कर्नलमध्ये ड्रायव्हर कशाला? मोटरच्या रजिस्टरमध्ये सरळ एक लिही ने, फिरेल."

मी लिहिलं. पण युजर स्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, साध्या प्रोग्रामला मोटर चालू-बंद करणाऱ्या त्या रजिस्टरला हात लावता येत नाही. कर्नलने माझा प्रोग्राम तिथेच बंद पाडला, मोटर हललीच नाही. स्क्रीनवरची एरर बघून मी किंचाळले.

मशीनमागून ऑपरेटर संतोषदादा ओरडले, "काय झालं वं ताई? पट्टा बसवतोय मी!"

मशीनचं झाकण उघडं होतं आणि त्यांची बोटं मोटरच्या पट्ट्यात होती.

हितेशभाईंनी धावत जाऊन मशीनचा मेन स्विच बंद केला. मग म्हणाले, "ड्रायव्हरच लिही. झाकण उघडं असेल तर माझंही न ऐकणारा."