लायसनची बंदूक

दोहात मुशैरिब स्टेशनला मेट्रोत चढलेले दोघे माझ्यासमोर बसले. एक तरुण, मोबाइलवर बातम्या वाचणारा. दुसरे साठीचे, रत्नागिरीकडचे.

"नसरुद्दीनचाचा, हे वाचलंत? एका देशात आता लायसनवाल्यांनाही बंदुकीच्या मॅगझीनमध्ये दहाच गोळ्या."

"त्याने काय होणार? चोर काय लायसन काढून चोरी करतो?"

"पण कोणाचं डोकं फिरलंच, तर माणसं कमी मरतील."

"कौशिक, लायसनवाल्याचं डोकं फिरत नाही. माझ्याकडेच गावाला वीस वर्षं बंदूक आहे. भातात डुकरं शिरतात म्हणून."

"तुमच्या मॅगझीनमध्ये किती गोळ्या?"

"मॅगझीन कसलं? एक बार काढला की खलास, परत भरा."

"तोवर डुकरं थांबतात?"

"मस्करी नको. गेल्या इलेक्शनला पोलिसांनी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या."

"नंतर परत दिली ना?"

"न्या म्हणाले. मीच नाही आणली."

"का?"

"माझा चुलतभाऊ शहजाद. बांधावरच्या आंब्यावरून आमचं वाकडं. मी आंबे काढायला लागलो की तो बंदूक घेऊन अंगणात बसायचा. मग मीही माझी काढायचो."

"आणि आता?"

"आता नुसत्या शिव्या. गेल्या सुट्टीत पोटभर आंबे खाल्ले."

"त्याची बंदूक कुठाय?"

"तीही ठाण्यातच. म्हणतो, आधी नसरुद्दीनने आणावी."

"मग?"

"मी कशाला आधी आणू? आहेत दोन्ही एकाच कपाटात, शेजारी शेजारी. यल्ला, ऊठ, अल वक्रा आलं."